ग्राहकांचे एसएमएस टीम चॅटवर आणणारी सेवा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मोटर-पंप, स्टार्टर आणि मोबाईल ऑटो (शेतातील मोटरला जोडायचे सिमकार्डाचे यंत्र) यांच्या विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय आहे. काउंटरवर दोघे, वर्कशॉपमध्ये मोटरचे वाइंडिंग म्हणजे तारेची गुंडाळी भरणारा एक वाइंडर आणि तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत या भागांत फिरणारे तीन वायरमन, एवढाच पसारा. इतकी वर्षे ग्राहकांच्या तक्रारी ज्या मोबाईलवर येत, तो काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असे. ज्याच्या हाताला तो लागेल त्याने मेसेज वाचायचा, सवड असल्यास वहीत उतरवायचा आणि त्या भागातील वायरमनला फोन करायचा, अशी रीत होती. एकदा उघडलेला मेसेज फोनवर ‘वाचलेला’ दिसतो. परंतु तो कोणी वाचला, वाचून काय केले, की चहाच्या गडबडीत फोन पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला, हे मात्र ग्राहकाचा दुसरा, चिडलेला मेसेज येईपर्यंत समजत नसे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एक सशुल्क सेवा घेतली. तिचे काम थोडक्यात असे, की आमच्या क्रमांकावर आलेला प्रत्येक एसएमएस ती टीम चॅटवर, म्हणजे आम्ही सगळे आपापल्या फोनवर पाहतो त्या सामाईक संदेश-ॲपवर, आणून टाकते आणि तेथे लिहिलेले उत्तर ग्राहकाच्या फोनवर एसएमएस म्हणून पाठवते. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण एका बिलावरून त्यांच्याशी असलेला आमचा वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटण्यापूर्वी नाव घेऊन लिहिणे मला योग्य वाटत नाही. शिवाय खाली लिहिलेल्यातील बरेचसे या प्रकारच्या कोणत्याही सेवेला लागू पडेल असे आहे.

व्हॉट्सॲप असताना एसएमएसच्या मागे का लागलात, असे मला अनेकांनी विचारले. आमच्याकडे व्हॉट्सॲपही आहे आणि तरुण ग्राहक त्यावर जळालेल्या वाइंडिंगचा फोटोही पाठवतात. मात्र जत आणि आटपाडीकडील आमच्या ग्राहकांपैकी पुष्कळांच्या खिशात अजून बटणांचा फोन आहे, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याच्या विहिरीवर इंटरनेट असतेच असे नाही. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की शेतावरचा मोबाईल ऑटो स्वतःच एसएमएस पाठवतो. लाईट आली, मोटर चालू झाली, एक फेज गेला, पाणी नसताना मोटर फिरली म्हणून बंद पडली, हे सगळे ते यंत्र आपल्यातील सिमकार्डावरून शेतकऱ्याला कळवते, आणि शेतकरी तोच मेसेज आम्हाला पुढे धाडतो. आमच्या धंद्यात एसएमएसला जुनी गोष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही.

सेवा घेताना पहिला पेच क्रमांकाचा पडला. कंपनीने आम्हाला त्यांचा एक आभासी क्रमांक देऊ केला, आणि तांत्रिकदृष्ट्या तोच मार्ग अधिक स्वच्छ होता, कारण त्या क्रमांकावरील मेसेज थेट त्यांच्या सर्व्हरवर उतरतात. परंतु आमचा जुना क्रमांक गेली कित्येक वर्षे प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर चिकटवलेला आहे. उन्हाने पिवळ्या पडलेल्या त्या स्टिकरवरील दहा आकडे पाहूनच लोक मेसेज करतात. कंपनीचे नाव, माझे नाव किंवा दुकानाचा पत्ता त्यांना आठवत नसतो. तो क्रमांक बदलणे म्हणजे हजारो पेट्यांवर पुन्हा स्टिकर लावत फिरणे. शेवटी दुसरा मार्ग घेतला. जुने सिम एका साध्या अँड्रॉइड फोनमध्येच ठेवले आणि त्यावर कंपनीचे ॲप टाकले. आलेला एसएमएस वाचून ते इंटरनेटवरून पुढे पाठवते. उत्तरे मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून वेगळ्या वाटेने जातात. या दोन वाटांचा पुढे बराच त्रास झाला; तो सविस्तर सांगतो.

चॅटसाठी आम्ही झुलिप हे ॲप निवडले. स्लॅक हे दुसरे ॲपही पाहिले होते, आणि ही सेवा दोन्हींशी जोडता येते. पण स्लॅकच्या मोफत योजनेत फक्त मागील ९० दिवसांचा मजकूर दिसतो. आमच्याकडे एकाच मोटरची तक्रार उन्हाळ्यात एकदा आणि द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा येते, त्यामुळे तीन महिन्यांची आठवण आमच्या कामाची नाही. झुलिपच्या मोफत योजनेत दिवसांऐवजी शेवटच्या १०,००० मेसेजांची मर्यादा आहे, आणि ते मुक्तस्रोत (कोणालाही वापरता येईल असा खुला कोड) असल्यामुळे उद्या वाटल्यास स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते. परंतु खरे कारण त्याच्या मांडणीत आहे. झुलिपमध्ये प्रत्येक चॅनेलच्या पोटात विषय असतात आणि कोणताही मेसेज कोणत्या ना कोणत्या विषयाखालीच जातो. एक ग्राहक म्हणजे एक विषय, ही आमची वहीतील पानाची कल्पना तेथे जशीच्या तशी बसली. काम झाले की त्या विषयावर ‘निकाली’ची खूण करता येते आणि बरोबरची निशाणी नावापुढे उमटते. सकाळी दुकान उघडल्यावर खूण नसलेले विषय वरून खाली वाचत गेले, की दिवसाची फेरी ठरते.

येथे एक बारीक गोष्ट नोंदवतो, कारण ती आम्हाला दोन आठवड्यांनी समजली. नवा एसएमएस आला की सेवा पाठवणाऱ्याच्या क्रमांकाने विषय उघडते. नुसता क्रमांक पाहून कोण हे कळेना, म्हणून काउंटरवरच्या ताईंनी हौसेने विषयांची नावे बदलून ‘सावळज, पाटील काका, साडेसात एचपी’ अशी केली. त्या काकांचा पुढचा मेसेज आला तेव्हा सेवेला जुन्या नावाचा विषय सापडला नाही, म्हणून तिने नवा विषय उघडला. एका माणसाची दोन पाने झाली आणि जुनी तक्रार वेगळ्याच पानावर राहिली. विषयाचे नाव चॅटमध्ये बदलायचे नसून सेवेच्या स्वतःच्या पत्तेवहीत क्रमांकापुढे गाव आणि नाव भरायचे असते, मग विषय आपोआप त्या नावाने उघडतो. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले आहे, पण अशा ठिकाणी, की प्रसंग घडून गेल्याशिवाय ते कोणी वाचणार नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. ते ॲप फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस वाचते, आणि आमच्या दुकानाचे बँक खाते त्याच क्रमांकाशी जोडलेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी जीएसटीची रक्कम भरत असताना बँकेचा ओटीपी चॅटवर सर्वांसमोर येऊन पडला. आमची माणसे घरची आहेत, त्यामुळे काही बिघडले नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. बँका आणि कंपन्या यांचे मेसेज अक्षरी नावाने येतात, तर ग्राहकांचे आणि मोबाईल ऑटोचे मेसेज क्रमांकावरून येतात, म्हणून ‘पाठवणाऱ्याच्या नावात अक्षरे असल्यास पुढे पाठवू नये’ अशी चाळणी लावली की प्रश्न सुटतो. ती चाळणी ॲपमध्ये आहे, मात्र मुळात बंद ठेवलेली आहे. माझ्या मते ती मुळात चालू असायला हवी. नको असेल त्याने ती बंद करावी. आम्ही चाळणीवरही विसंबून राहिलो नाही, त्याच आठवड्यात बँकेत जाऊन खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून घेतला. ज्यांना अशी सेवा घ्यायची असेल त्यांनी बाकी काही करण्यापूर्वी हे काम करावे, कारण ग्राहकांच्या क्रमांकांची जबाबदारीही आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे आपल्यासारख्या लहान दुकानांवरही येणार आहे.

इतके झाल्यावर येणाऱ्या मेसेजांची बाजू ज्या पद्धतीने चालली, तिला मी मनापासून चांगले म्हणेन. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले, की सांगलीच्या आयर्विन पुलावरील पाणीपातळीच्या आकड्याकडे सगळ्या जिल्ह्याचे डोळे लागतात. तेथे ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलेले लोक विसरलेले नाहीत. त्यामुळे पाणी इशाऱ्याच्या खाली असतानाच भिलवडी, अंकलखोप, कसबे डिग्रज या नदीकाठच्या गावांतून ‘मोटर वर काढायची आहे, माणूस पाठवा’ असे मेसेज सुरू होतात. पूर्वी अशा दोन-तीन दिवसांत ड्रॉवरमधला फोन आणि वही यांचा मेळ बसत नसे. एकाच गावात सकाळी एक वायरमन जाऊन येई आणि दुपारी दुसरा त्याच रस्त्याने जाई. गेल्या पावसाळ्यात तिन्ही वायरमन आपापल्या फोनवर तेच विषय पाहत होते. एकाने अंकलखोपच्या विषयाखाली ‘मी इथेच आहे, शेजारच्या दोन्ही काढून येतो’ असे लिहिले, की बाकीच्यांना फोन करावा लागत नव्हता. काउंटरवरून कोणी कोणाला ‘कुठे आहेस’ असे विचारले नाही, असे ते पहिलेच दोन दिवस असावेत.

एक फायदा तर आम्ही सेवा घेताना मनातही आणला नव्हता. काही शेतकरी मोबाईल ऑटोमध्ये स्वतःच्या क्रमांकाबरोबर दुसरा क्रमांक म्हणून आमचाही क्रमांक भरून ठेवतात. त्यामुळे लाईट आली-गेली तरी आमच्याकडे मेसेज येतो, आणि शेतीची थ्री फेज रात्रपाळीला असली तर ते मेसेज रात्री येतात. पहिल्या आठवड्यात वायरमनांचे फोन पहाटेपर्यंत वाजत राहिले आणि एकाच्या घरून मला रीतसर निरोप आला. मग यंत्रांनी पाठवलेल्या मेसेजांसाठी वेगळे चॅनेल केले आणि ते सर्वांच्या फोनवर मुके ठेवले. मात्र त्या चॅनेलवर सकाळी नजर टाकली की वेगळेच चित्र दिसते. एखाद्या शिवारातील पाच-सहा ऑटो एकाच मिनिटाला ‘एक फेज नाही’ म्हणू लागले, की दोष मोटरमध्ये नसून फीडरमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरवर आहे, हे दुकानात बसून कळते. तेवढ्यात त्यांपैकी एखादा ग्राहक ‘मोटर बंद आहे, लवकर या’ असे लिहितोच. त्याला आम्ही फोन करून महावितरणकडे तक्रार नोंदवायला सांगतो आणि आमचा माणूस पाठवत नाही. जतची फेरी येथून जवळपास ८० किलोमीटर एका बाजूची आहे. अशा वाचलेल्या दोन फेऱ्यांत सेवेचे त्या महिन्याचे भाडे निघते.

आता जाणाऱ्या मेसेजांकडे वळतो, कारण माझी तक्रार तेथे आहे, आणि तिच्यातील अर्धी कंपनीपेक्षा आपल्याकडील नियमांच्या वाट्याची आहे.

इंटरनेटवर या विषयाची जी मार्गदर्शने सापडतात, ती बहुतेक अमेरिकेतील वापर धरून लिहिलेली आहेत. तेथे एकाच क्रमांकावर मेसेज येतो आणि त्याच क्रमांकावरून उत्तर जाते, म्हणून चॅटमध्ये लिहिलेले वाक्य ग्राहकाशी चाललेल्या संभाषणासारखे पुढे सरकते. भारतात ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यवसायाने सर्व्हरवरून एसएमएस पाठवायचा असेल, तर मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी प्रणालीवर आधी स्वतःची नोंदणी करावी लागते, मग सहा अक्षरांचे नाव म्हणजे हेडर घ्यावे लागते आणि शेवटी पाठवायच्या मजकुराचा प्रत्येक साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात मोकळी जागा ठेवता येते, पण आमचे साचे मंजूर झाले तेव्हा एका जागेत ३० अक्षरांहून अधिक मजकूर बसत नव्हता. जो मजकूर मंजूर साच्याशी जुळत नाही तो मोबाईल कंपनी वाटेतच अडवते. फसवणुकीचे मेसेज पाहता या नियमामागचा हेतू मला मान्य आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर नसलेल्या दुव्यांचे मेसेज अडवले जाऊ लागले तेही योग्यच झाले. परंतु याचा अर्थ असा, की चॅटमध्ये बसून ग्राहकाशी मनमोकळे लिहिता येत नाही. आमच्याकडे सात साचे आहेत, आणि वायरमन झुलिपमध्ये बॉटचे (सेवेच्या तेथील स्वयंचलित खात्याचे) नाव, साच्याचा क्रमांक व मोकळ्या जागेतील दोन-तीन शब्द लिहितो. उरलेला मजकूर आपोआप भरला जातो. विक्री करणाऱ्या माणसाने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात मात्र दोन माणसे एकमेकांशी सहज बोलत होती. ते प्रात्यक्षिक आमच्या कामासाठी खरे नव्हते, आणि विकत घेण्यापूर्वी हे सांगण्याची जबाबदारी त्याची होती.

त्यातून मराठीचा प्रश्न वेगळा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांसाठी त्यांची १६० अक्षरे होतात, पण देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘स्टार्टर’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा शब्द तेथे आठ जागा खातो. आमचा सर्वाधिक वापरातला साचा असा होता: ‘आपली तक्रार नोंदवली आहे. उद्या सकाळी आमचा माणूस येईल. फोन’ आणि पुढे दहा अंकी क्रमांक. मोजून पाहिल्यास हे नेमके ६८ भरते, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. पण साच्यात पाठवणाऱ्या व्यवसायाचे नाव असावे अशी सूचना आली, ते घातले आणि मेसेज ७० च्या पुढे गेला. पुढे गेला की त्याचे तुकडे ७० चे न राहता ६७ चे होतात आणि दोन तुकड्यांचे दोन मेसेजांइतके पैसे लागतात. इंग्रजी लिपीत मराठी लिहिले तर एका तुकड्यात काम भागते, हे आम्हीही करून पाहिले. परंतु कवठेमहांकाळच्या एका आजोबांनी तो मेसेज नातवाकडून वाचून घेतला आणि नातू शाळेतून येईपर्यंत घरी थांबून राहिले, असे कळल्यावर आम्ही देवनागरीवर परत आलो. दुप्पट पैसे जातात ते जाऊ देत.

तिसरी अडचण ग्राहकाच्या बाजूची. आमचे उत्तर हेडरच्या नावाने जाते. त्या नावाच्या मागेपुढे काही अक्षरे असतात; सुरुवातीची दोन मोबाईल कंपनी आणि तिचे सर्कल म्हणजे विभाग दाखवतात, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटी एक अक्षर जोडले जाते, त्यावरून मेसेज जाहिरातीचा आहे की सेवेचा हे ओळखता येते. पण त्या नावाला उलट उत्तर पाठवता येत नाही. ग्राहक मात्र साहजिकच आलेल्या मेसेजवरच ‘उत्तर द्या’ हे बटण दाबतो. “उत्तर देतोय तर जातच न्हाई, तुमचा नंबर बंद हाय का?” हा फोन पहिल्या दोन महिन्यांत रोज एक तरी येत असे. ज्या क्रमांकावर त्याने लिहिले आणि ज्या नावाने उत्तर आले, ते दोन्ही आम्हीच, हे समजावून सांगण्यात जितका वेळ जातो तितक्यात त्याच्याशी फोनवर बोलून काम संपते.

आणि मग ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले, ज्यात आमच्या या सेवेवरच्या विश्वासाला मोठा तडा गेला. चॅटमधून उत्तर पाठवले की बॉट त्या मेसेजवर बरोबरची खूण करतो. आम्ही सगळे त्या खुणेचा अर्थ ‘ग्राहकाला मिळाले’ असा घेत होतो. एका साच्यात आम्ही ग्राहकाला मोटर किती एचपीची आणि किती खोलीवर आहे हे कळवायला सांगत असू, कारण त्याशिवाय वायरमनला योग्य सामान घेऊन निघता येत नाही. कंपनीच्या बाजूला काही सुधारणा करताना त्या साच्यातील आमच्या दुकानाच्या नावात एक मोकळी जागा जास्तीची पडली. मंजूर साच्याशी मजकूर जुळेना, म्हणून मोबाईल कंपन्यांनी तो सलग चार दिवस अडवला. चॅटमध्ये मात्र प्रत्येक वेळी खूण उमटत राहिली. आमच्याकडे सात विषय ‘ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत आहोत’ असे पडून होते, आणि तिकडे सात घरी आमची वाट पाहिली जात होती. जत तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचा पाचव्या दिवशी फोन आला. “मालक, मेसेज टाकून चार दिस झालं. माणूस न्हाई, फोन न्हाई. बाग छाटलीया, पाणी कुठनं द्यू?” त्यांच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्य अधिक होते, म्हणून ते मला जास्त लागले.

चौकशी केल्यावर कंपनीकडून असे उत्तर आले, की ती खूण म्हणजे ‘मोबाईल कंपनीकडे सुपूर्द’ एवढेच. प्रत्यक्ष पोहोच त्यांच्या संकेतस्थळावरील स्वतंत्र अहवालात दिसते आणि तेथे ‘नाकारले’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तांत्रिकदृष्ट्या हे खरे असेल. पण ज्या सेवेची सगळी किंमत ‘आता दुसरीकडे पाहायची गरज नाही’ या एका वाक्यात आहे, तिने दोष दुसरीकडे लिहून ठेवावा हे मला पटत नाही. पोहोचीचा अहवाल त्यांच्याकडे येतच असतो. तो चॅटमधील त्याच मेसेजवर आणून लावणे, किमान नाकारलेल्या मेसेजखाली लाल फुली उमटवणे, हे अवघड काम नव्हे. आमच्या पाठपुराव्यानंतर फेब्रुवारीत त्यांनी ते केले, याची नोंद करणे रास्त आहे. परंतु त्या चार दिवसांतील नाकारलेल्या मेसेजांचे पैसेही त्यांनी लावले, आणि वर उल्लेख केलेला वाद तो हाच. रक्कम अगदीच किरकोळ आहे. दोन कप चहाची म्हणा. तरीही मी ती सोडलेली नाही.

त्याच साच्यांच्या जाचाने एकदा आमची अब्रूही वाचवली, हे सांगितले नाही तर अर्धवट होईल. बॉटचे नाव लिहिल्याशिवाय चॅटमधील मजकूर बाहेर जात नाही, त्यामुळे एकाच विषयाखाली आम्ही आपसांतही बोलतो. एका वायरमनने घाईत बॉटच्या नावासकटच लिहिले, की या माणसाकडे जाताना आधी मागची बाकी मागा. मजकूर कोणत्याच साच्यात बसत नव्हता, म्हणून तो सर्व्हरवरच अडला. ज्या देशात साचे लागत नाहीत तेथे तो ग्राहकाच्या हातात पडला असता. त्या दिवसापासून उधारीची चर्चा वेगळ्या चॅनेलवर होते.

ड्रॉवरमधल्या फोनबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण एवढी सगळी व्यवस्था त्या एका स्वस्त फोनवर उभी आहे. अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतो, आणि ॲप झोपले की मेसेज फोनवर येतात पण चॅटवर येत नाहीत. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून वगळावे लागते, आणि फोन बंद होऊन चालू झाल्यास ॲप उघडून पाहावे लागते. दिवसरात्र चार्जिंगला लावलेल्या पहिल्या फोनची बॅटरी पत्र्याच्या छताखालच्या उकाड्यात पाच महिन्यांत फुगली. दुसरा फोन आम्ही टायमरच्या प्लगला लावला आहे, दिवसातून दोनदा तासभर, आणि ड्रॉवरऐवजी तो उत्तरेच्या भिंतीवर पंख्याच्या वाऱ्यात टांगला आहे. रोज सकाळी ताई स्वतःच्या फोनवरून त्यावर ‘राम राम’ असा मेसेज करतात. चॅटवर राम राम दिसला की दुकान सुरू झाले असे समजायचे. कंपनीच्या ॲपमध्ये अशी तपासणी आपोआप करण्याची सोय नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

ग्राहकसेवेचे म्हणाल तर माणसे सौजन्याने बोलतात, मराठीत बोलतात, पण तांत्रिक प्रश्न पुढे सरकवला की उत्तराला दोन दिवस लागतात. दरमहा भाडे आणि मेसेजांचा खर्च मिळून आमचे बिल हजाराच्या आत राहते. त्यावर अठरा टक्के जीएसटी. मेसेजांचा खर्च आता पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे, कारण आम्ही उत्तरे जवळजवळ थांबवली आहेत. तक्रार मिळाल्याची पोच आणि माणूस निघाल्याची सूचना, असे दोनच साचे आता वापरात आहेत. ज्याला काही विचारायचे असेल त्याला सरळ फोन करायचा आणि काय बोलणे झाले ते त्याच्या विषयाखाली एका ओळीत लिहायचे. जाणाऱ्या बाजूचा जो मोठा संच कंपनी विकते, तो आमच्यासारख्या दुकानाने घेऊ नये असे माझे मत झाले आहे. येणाऱ्या बाजूसाठी मात्र मी ही सेवा पुन्हा घेईन, आणि जूनमध्ये मुदत संपल्यावर तेवढीच घेणार आहे. ज्यांच्याकडे एकच माणूस फोन पाहतो आणि तोच काम करतो, त्यांना तीही लागणार नाही. त्यांनी वही नीट ठेवावी.

नव्या स्टिकरची छपाई गणपती पेठेतील छापखान्यात गेल्या आठवड्यात दिली. क्रमांक तोच आहे. त्याखाली आता एक ओळ वाढवली आहे, ‘मेसेजमध्ये गावाचे नाव आणि मोटरची एचपी लिहावी’, कारण चॅटवर येणाऱ्या मेसेजांपैकी निम्म्यांत अजून फक्त ‘मोटर बंद’ एवढेच असते.